पाणी प्यायलात का?

परवा एका किल्ल्याच्या पायथ्याशी भर उन्हात उभी राहून मी लिटरभर पाण्याची बाटली संपवली, तेव्हा शेजारच्या ग्रुपमधल्या एक बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्याही हातात बाटली होती, पण तिचं सील तसंच होतं. ती नजर माझ्या ओळखीची. बाईमाणूस सहलीला निघालं की आधी पाणी बंद करतं. पन्नाशी उलटेपर्यंत मीही तेच केलं. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "बिनधास्त प्या. तिकीटघराच्या मागे, चिंचेच्या झाडापाशी. स्वच्छ आहे, कडी नीट लागते." त्या जरा लाजल्या, हसल्या आणि त्यांनी सील मोडलं. हे बोलणं मी जनार्दन म्हात्रे यांच्याकडून उचललेलं आहे, शब्दाला शब्द.

म्हात्रेकाका ठाण्यातल्या बाळकुमचे. आम्हीही पत्त्यात बाळकुमच लिहितो, पण आमचं बाळकुम वेगळं. आमच्या सोसायटीचं नाव इंग्रजी, पाचही टॉवरना फुलांची नावं, आणि गेटवर एक कारंजं, जे गणपतीत आणि मतदानाच्या आसपास चालतं. सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून जुनं गाव आहे. काकांचं घर त्या भिंतीपलीकडे पाचवं, निळ्या दाराचं. तीस वर्षं त्यांनी शहर बसवर कंडक्टरकी केली, बरीचशी ठाणे स्टेशन ते बाळकुम याच मार्गावर. म्हणजे सकाळी घरून निघायचं आणि दिवसातून आठ वेळा घरासमोर परत यायचं. रिटायर झाल्यावर माणसं घरात बसतात, हे मात्र उलट बाहेर पडले. तीस वर्षं लोकांना हव्या त्या ठिकाणी उतरवलं, आता मी उतरणार, असं म्हणायचे.

उंच माणूस. बसच्या छताला डोकं लागू नये म्हणून एकदा वाकलेली मान पुढे घरातही सरळ झाली नाही. जमीन हलत नसली तरी पाय फाकवून उभे राहायचे, आणि बसायला जागा असली तरी उभेच राहायचे. खांद्याला ड्युटीवरची चामड्याची बॅग. तिच्यात लिंबं, सेफ्टी पिना, कागदी साबण, एक पंचा, आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली एक पुडी, जिच्यात काय आहे ते ते कधी बोलले नाहीत. आमच्यातल्या एकीच्या कॉलेजातल्या मुलीला प्रवासात अचानक गरज पडली तेव्हा त्यांनी ती पुडी माझ्या हातात दिली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हिरानं भरून दिलंय. बॅगेत असतंच." हिरा म्हणजे त्यांची बायको, आमच्या हिराकाकू.

शिवाय त्या बॅगेत तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच होता. मशीन आल्यावर तो निकामी झाला, काकांनी जपून ठेवला. एकदा टिक केलं की थांबा, दोनदा केलं की निघा. बसच्या घंटीचाच हिशेब, सिंगल बेल आणि डबल बेल. मोठमोठ्या इमारतींपुढे आम्ही तोंडं वर करून उभ्या असायचो आणि मागून टिकटिक यायची. लगेच पावलं चालायला लागायची. आमच्या घरच्यांचं आम्ही आयुष्यात एवढं ऐकलेलं नाही.

माझी त्यांची ओळख झाली ती बस स्टॉपवर. मी नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते. गेटसमोरच्या स्टॉपवर काका रोज सकाळी येऊन उभे असायचे, जायचं कुठेच नसायचं, नुसत्या बसा बघायला. त्या वर्षी मी आणि माझे मिस्टर एका मोठ्या टूरबरोबर राजस्थान करून आलो होतो. आठ दिवसांत अकरा किल्ले. घरी आले ती ताप घेऊनच, आणि डॉक्टरांनी लघवीचा त्रास सांगून चांगलं झापलं. आठवड्यानं स्टॉपवर उभी राहिले तेव्हा तिथल्या गप्पांत सहलीचं ऐकलेल्या काकांनी विचारलं, "कसा झाला जयपूर?"

मी म्हटलं, "छान. सगळं बघितलं."

"पानी प्यायलात का?"

परका पुरुष, आगापिछा नाही आणि हे विचारतो. मला राग यायला हवा होता. पण त्यांनी ते अशा साध्या सुरात विचारलं होतं की माझ्या तोंडून खरं निघून गेलं, "नाही."

"मग काय बघितलात," ते म्हणाले. "ज्या माणसाला जायाची घाई असते त्याला भिंत दिसत नाय. त्याला फक्त दार दिसते." मग बस आली. मी चढताना ते मागून म्हणाले, "पुढल्या महिन्यात मी औरंगाबादला चाललोय. चार दिवस. बघायचं थोडं. यायचं तर या, मिस्टरांना विचारून."

मिस्टर म्हणाले, तू जा, मला पुन्हा किल्ला दाखवू नकोस. मग मी आमच्या मजल्यावरच्या शिल्पा कांबळेला विचारलं. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, तिचे पाय कायम तयार. तिनं आणखी पाचजणी गोळा केल्या. अशा आम्ही सातजणी आणि एक म्हात्रेकाका कल्याणहून गाडीत बसलो.

औरंगाबादला उतरल्यावर आम्हाला वाटलं, आता रिक्षा, हॉटेल, मग मकबरा. काका आम्हाला थेट एसटी स्टँडवर घेऊन गेले. आमच्या बॅगा एका बाकाशी लावल्या, दोन चहा घेतले आणि ड्युटीवर निघालेल्या एका लेडीज कंडक्टरसमोर जाऊन एक ग्लास तिच्या हातात दिला. "ताई, मी ठाण्याचा कंडक्टर. रिटायर. माझ्यासोबत सात बायका हायेत. तुमी कुठं जाता?"

त्या बाईनं आधी काकांकडे बघितलं, मग आमच्या सात जणींकडे. काय विचारलंय ते तिला क्षणात कळलं. चहा संपेपर्यंत तिनं पाच ठिकाणं सांगितली. शहराच्या जुन्या दरवाज्याजवळची मुलींची शाळा, शिपाईणबाईंना सांगायचं. पाणचक्कीकडे जाताना एक दवाखाना, तिथली आया चांगली. बाजारात एक साडीचं दुकान, मालकीण स्वतः बसते ते. कुठली कडी लागत नाही, कुठे पाणी संध्याकाळी जातं, कुठे बाहेर पोरांचं टोळकं उभं असतं, सगळं. काका आपल्या छोट्या वहीत लिहून घेत होते. जाताना तिनं त्यांना नमस्कार केला आणि आम्हाला म्हणाली, "माझ्या बापानं असं कधी विचारलं नसतं."

शहराचा असा नकाशा मी कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. त्या चार दिवसांत आम्ही मोजून चार जागा बघितल्या. दर दीड तासानं काका एक टिक करायचे, "पानी" म्हणायचे, आणि आम्ही प्यायचो. मकबऱ्याच्या मागच्या भिंतीला टेकून मी दीड तास बसले. प्लास्टरवरची वेलबुट्टी कुठे उडालीय, कुठे नंतर भरलीय, ते मला दिसत होतं. अकरा किल्ल्यांपैकी एकाचीही भिंत मला आठवत नाही, ही मात्र आजही डोळे मिटून काढून दाखवीन.

मग दर चार-पाच महिन्यांनी आमचं ठरूनच गेलं. बुऱ्हाणपूर झालं, म्हैसूर झालं, अहमदाबाद झालं. ग्रुप वाढून बाराचा झाला आणि त्यात दोन-तीन पुरुषही शिरले. त्यातले एक राणेसाहेब. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, टोपी घालणारे, आणि प्रत्येक शहराचे पॉइंट छापून आणणारे. अहमदाबादचे सात होते. पहिल्याच दिवशी काका आम्हाला जुन्या शहरात एका पोळीत घेऊन गेले. पोळ म्हणजे आपल्याकडच्या आळीसारखी गल्ली, तोंडाशी दरवाजा, आत एकमेकांना टेकलेली लाकडी कोरीव घरं. मध्ये पाखरांना दाणे घालायचा उंच खांब. काका एका ओट्यापाशी थांबले, दारातल्या म्हातारीला हात जोडले आणि आपल्या खास हिंदीत म्हणाले, "बहेनजी, हमारे साथ लेडीज है."

या पाच शब्दांनी मी किती दारं उघडलेली बघितली, सांगून खरं वाटायचं नाही. म्हातारी हसली, आत हाक मारली, सुना बाहेर आल्या. आम्ही तिथे दोन तास होतो. त्यांनी आम्हाला घराच्या पोटातलं पावसाचं पाणी साठवायचं टाकं दाखवलं, एका घराच्या गच्चीतून दुसऱ्या घरात कसं जायचं ते दाखवलं. राणेसाहेब ओट्यावर बसून घड्याळ बघत होते. शेवटी उठले. "म्हात्रे, अशानं सात पॉइंट सात जन्मांत होणार नाहीत," म्हणाले आणि रिक्षा करून निघून गेले.

काकांनी त्यांना अडवलं नाही. पण म्हातारीशी त्यांचं काहीतरी बोलणं झालं, आणि आम्ही उठायला लागलो तर त्यांनी एक टिक करून थांबवलं. पाऊण तासानं राणेसाहेबांची रिक्षा पोळीच्या तोंडाशी आली. साहेब उतरले ते भरभर चालत, टोपी हातात, चेहरा घामानं डबडबलेला. त्यांना साखरेचा त्रास होता, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांनी मात्र गाडीत त्यांचं उठणं-बसणं बघून ठेवलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "डावीकडं दुसरं दार. उघडं ठेवायला सांगितलंय. माझं नाव सांगा." साहेब गेले आणि पाच मिनिटांनी परत आले. छापलेला कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या कुठल्याही सहलीत तो बाहेर काढला नाही. पुढे तेच काकांची बॅग उचलायचे.

पण एक गोष्ट आम्हाला उमगत नव्हती. काका प्रत्येक ठिकाणी आणखीही काहीतरी टिपायचे. पायऱ्या मोजायचे. कठडा कुठल्या बाजूला आहे ते बघायचे. दगडी बाकावर स्वतः बसून, हातानं जोर न देता उठता येतं का, ते करून बघायचे. सावली कुठवर येते ते दुपारी परत जाऊन बघायचे. म्हैसूरला राजवाड्याचे दिवे लागले, लोक बघत राहिले, आणि हा माणूस दिव्यांकडे पाठ करून एक उतरण पावलांनी मोजत होता. शिल्पानं शेवटी विचारलंच, "काका, आपल्यात गुडघ्याचं कुणालाच नाही. कठडे कुणासाठी?"

"एक प्यासेंजर हाय," काका म्हणाले. "अजून चढला नाय."

तो प्रवासी कोण, ते आम्हाला लवकरच कळलं, कारण प्रत्येक सहलीच्या आधी आम्ही काकांच्या घरी जमायचो. हिराकाकू तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून द्यायच्या. लहानशा, गोऱ्या, डाव्या गुडघ्यावर हात ठेवून चालणाऱ्या. सगळं बांधून झालं की काका दारात उभे राहून विचारायचे, "हिरा, येतंस काय?" आणि काकू म्हणायच्या, "मी कोंबड्या कुनावर टाकू?" घरात कोंबड्या दोन होत्या. पुढे एक राहिली. मग तीही गेली, तरी काकूंचं उत्तर तेच राहिलं. काका "बरं" म्हणून चपला घालायचे. चार वर्षांत मी हा संवाद नऊ-दहा वेळा ऐकला आणि दर वेळी त्यांनी पहिल्यांदाच विचारल्यासारखं विचारलं.

कारण मला काकूंनीच सांगितलं. एका दुपारी मी डबा परत द्यायला गेले होते. काका कुठेतरी गेलेले. काकू चुलीपाशी भाकरी थापत होत्या आणि मी सहज म्हटलं, "काकू, एकदा चला ना. काका तुमच्यासाठी पायऱ्या मोजत फिरतात."

"ठाव हाय मना," त्या म्हणाल्या. भाकरी उलटली, आणि मग माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. काकांना नोकरी लागलेली, आणि त्यांच्या ओळखीतल्या मंडळींनी मिळून विजापूरची सहल काढलेली. काकूंनी पहिल्यांदाच तालुक्याबाहेर पाऊल टाकलं. अंगावर नवी साडी. सकाळपासून जायला कुठे मिळालं नाही. बाकीच्या बायका वयानं मोठ्या, त्यांना सांगायची लाज. त्यांनी काकांना तीनदा सांगितलं. तीनदा काका म्हणाले, एवढं एक बघून घेऊ, मग जाऊ. शेवटी गोल घुमट आला. काका धावत वर गेले आणि वरच्या सज्जातून मोठ्यानं हाक मारली, "हिरा." ती हाक घुमटात सात वेळा फिरली. खालची माणसं हसायला लागली, हिरा कोण म्हणून बघायला लागली. "आनी मी तवाच..." काकूंनी चुलीवरचा तवा उतरवून ठेवला.

"भरल्या लोकांत," त्या म्हणाल्या. "माजा नाव वर फिरतंय, आनी मी खाली तशी उबी."

काका खाली आले, त्यांनी बघितलं, अंगातला शर्ट काढून बायकोच्या कमरेला बांधला आणि बनियनवर तिच्यासोबत गाडीपर्यंत चालत गेले. घरी आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या की मना आता कुठं न्यावाचं नाय. त्यावर दोघं आयुष्यात पुन्हा बोलले नाहीत. "मी त्यांना कवा बोल लावला नाय," काकू म्हणाल्या. "त्यांनीच लावून घेतला."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, ती तशी बऱ्याच नंतरची. काकांच्या मार्गावर पहिल्यांदा दोन लेडीज कंडक्टर आल्या. बाळकुमच्या शेवटच्या स्टॉपवर तेव्हा त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. पहिल्याच दिवशी काकांनी त्यांना सांगितलं, "समोरचं निळं दार माझं. घरात बाई हाय. विचारायचं नाय, सरळ आत जायचं." काकू रोज सकाळी मोरीत दोन बादल्या भरून ठेवायच्या, कडीला तेल घालायच्या, साबण बदलायच्या. दार दिवसभर नुसतं लोटलेलं. वर्षानुवर्षं हे चाललं. त्यातल्या एकीनं मुलीच्या लग्नात काकूंची आईच्या मानानं ओटी भरली. "त्या पोरींना आमच्या घरात यावाला लाज नाय वाटली," काकू म्हणाल्या आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

त्या दिवशी घरी परत येताना मला काकांच्या सगळ्या टिकटिकीचा अर्थ कळत होता. आम्ही बाराजण त्यांच्या सहलींना जात होतो, आणि प्रत्यक्षात त्या सगळ्या सहली एकाच बाईच्या होत्या. आमच्या वाट्याला त्यातलं जे आलं ते फुकट आलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट भरून आलं. एका चुकीची भरपाई माणूस इतक्या जणींना पाणी पाजून करतो, हे मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं.

पाचव्या वर्षी काकांनी विजापूर जाहीर केलं. शिल्पाला मी काकूंची गोष्ट सांगितली होती; आम्ही एकमेकींकडे बघितलं. काका त्याआधी दोनदा एकटेच विजापूरला जाऊन आले होते. वही भरली होती. जवळच्या माजिवड्याहून सतरा सीटची गाडी सांगून झाली. आणि निघायला तीन आठवडे असताना त्यांना हृदयाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आले, पण डॉक्टरांनी प्रवासाचं नावही काढू दिलं नाही. आम्ही सगळे भेटायला गेलो. काका खाटेवर बसलेले, मान अजून थोडी वाकलेली. राणेसाहेब म्हणाले, "म्हात्रे, गाडी कॅन्सल करतो. तुम्ही बरे व्हा, मग बघू."

काकांनी मान हलवली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, "कॅन्सल कनाला करताव? मी येतंय."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. काकूंनी पदराला हात पुसले आणि आमच्याचकडे बघून म्हणाल्या, "ते दोनदा जाऊन आले. मी नाय बघितला तर ते कुनासाठी गेले?" मग आत जाऊन त्यांनी चहा टाकला. काकांनी उशाखालची वही काढून माझ्या हातात दिली, आणि कुठल्या पानापासून सुरू करायचं ते बोटानं दाखवलं.

विजापूरचं आधी सांगून टाकते. ते शहर आम्ही काकांच्या पावलांवर पाय ठेवून बघितलं. वहीत सगळं होतं. "बारा पायऱ्या. कठडा उजवीकडं. सातव्या पायरीवर थांबावं." "नळाजवळ बाक हाय, उठायला सोपा." "इथल्या बाईंना माझा नमस्कार सांगा." आणि खरंच प्रत्येक ठिकाणी एक बाई निघायची, जी आम्हाला बघून विचारायची, "हिराबाई कोणत्या?" गोल घुमटाच्या पानावर त्यांनी एवढंच लिहिलं होतं: "इथं हिरा बसेल. सावली अकरापर्यंत. वर जाऊन कुणी हाक मारू नये."

काकूंना वहीतल्या त्या सावलीत एका दगडावर बसवून आम्ही वर गेलो आणि कुणी हाक मारली नाही. शाळेची पोरं मात्र एकमेकांची नावं ओरडत होती आणि ती नावं घुमटात फिरत होती. खाली आलो तर दगडावर काकू नाहीत. शिल्पा एका बाजूला धावली, मी दुसऱ्या. आणि मग झाडांच्या मागून काकू येताना दिसल्या, एकट्या, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, पदराला ओले हात पुसत. तिथलं दार कुठे आहे ते लिहिलेलं वहीतलं पान त्यांनी माझ्याकडून आधीच मागून घेतलं होतं. "जाऊन आले," त्या म्हणाल्या, जणू कोपऱ्यावरच्या बाजारातून. "लय मोठा आवाज येतो नाय वर? चला, आता ते कमानींचा दाखवा."

त्यानंतर काका सात-आठ महिने होते. मी त्यांना घरी भेटले, दवाखान्यात भेटले. शेवटी तर त्यांना बोलणं कठीण जायचं, नुसतं टिक करून दाखवायचे. पण माझे काका त्या खाटेवर नाहीत. ते मला कायम दिसतात विजापूरला निघालो त्या सकाळचे, माजिवड्याच्या नाक्यावर.

उजाडत होतं. हायवेवर गाड्या सुरू झाल्या होत्या. काकांना घराबाहेर पडायची परवानगी नव्हती, तरी ते रिक्षानं आले, खाकी पँट, पांढरा शर्ट, खांद्याला बॅग. आमची गाडी कडेला उभी. काकूंना आम्ही खिडकीची जागा दिली होती. त्यांनी आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे मला ठाऊक होतं. सकाळी त्यांच्या घरी मी चहा पुढे केला तेव्हा त्यांनी नुसता बाजूला सारला होता. काकांनाही ते कळलं असणार. त्यांनी सवयीनं गाडीला एक फेरी मारली, काचांतून आमची डोकी मोजली, आणि प्रत्येक खिडकीपाशी थांबून विचारलं, "पानी प्यायलात का?" आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. शेवटी ते काकूंच्या खिडकीपाशी आले. तिथे त्यांनी काहीच विचारलं नाही. हात मागे बांधून, पाय फाकवून नुसते उभे राहिले.

मी काकूंच्या शेजारी होते. त्यांनी पिशवीतून बाटली काढली. झाकण त्यांना उघडेना, मी हात पुढे केला, त्यांनी दिली नाही. मग सील तुटलं. त्यांनी काच पूर्ण सरकवली, बाटली तोंडाला लावली आणि काकांकडे बघत पाणी प्यायला सुरुवात केली. घाई न करता, घोट घोट. अर्धी बाटली संपली. पदरानं ओठ पुसून त्या म्हणाल्या, "बास काय?"

काकांनी मान हलवली. बॅगेतून पंच काढला, पण तो हातातच राहिला. त्यांनी तळहातानं गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, एक आणि लगेच दुसरी, आणि ड्रायव्हरनं गाडी सोडली.